ज्याच्या खुंट्याला व्याली

परवा आमच्या बुऱ्हाणपूरच्या लालबागेत एका घरी सत्यनारायणाला गेले होते. तिथे यजमानांचे एक पाहुणे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, सोफ्यावर पाय पसरून बसले होते. प्रसाद खाता खाता म्हणाले, "डोंगराकडच्या लोकांचं काही होणार नाही. दारात ढोरांचा कळप, आणि चहा पितात काळा! अरे, दोन चांगल्या म्हशी पाळा ना." सगळे हसले. मी शिऱ्याचा द्रोण खाली ठेवला आणि विचारलं, "म्हैस पाणी किती पिते हो? आणि डुंबते कशात? तुमच्या बादलीत?" ते म्हणाले, "अहो बाई, मी जनरल बोलू राहिलो." जनरलच बोलणार! डोंगर ज्यांनी गाडीच्या खिडकीतून पाहिला, त्यांना दुसरं काय बोलता येणार?

मी त्या डोंगराकडची. पुढे शिकले, मास्तरीण झाले, बुऱ्हाणपुरात घर केलं, पण तिकडचे लोक आळशी असं कुणी म्हटलं की अजून माझ्या मस्तकात जातं. आणि हे सगळ्यात आधी मी परक्याच्या तोंडून ऐकलेलं नाही. माझ्या सख्ख्या मामाच्या तोंडून ऐकलं.

आमचं गाव तुकईथडच्या वरच्या अंगाला. तिथे नांगर वीतभर खाली गेला की खणकन दगडावर आदळतो. पाऊस आमच्यावर पडतो आणि आमची माती घेऊन खाली तापीच्या काठाला उतरतो. तिथे मामाचं वावर. काळीभोर, पुरुषभर खोल जमीन, तीत कापूस, विहिरीच्या पाण्यावर केळीचा बाग. आमच्या डोंगराची माती खाऊन त्यांच्या केळी पोसल्या, आणि केळी खाऊन सुटलेल्या पोटावर हात फिरवत ते आम्हाला विचारायचे, "तुमच्याकडे काहीच कसं पिकत नाही रे?"

खाली अशी सोन्यासारखी माती, म्हणून गवताला कुणी तसूभर जागा सोडत नसे. वर माती नाही, म्हणून गवत सोडून काही नाही. त्यामुळे खालच्यांच्या भाकड गाई, पोसायला जड झालेल्या कालवडी वर आमच्याकडे यायच्या. दारात दिसणारी निम्मी ढोरं आमची नसायचीच! दूध तर दूरच राहिलं. त्या खडकावरच्या गवतावर गाय स्वतः उभी राहिली तरी खूप झालं. आम्ही ढोरं ठेवायचो ती शेणासाठी आणि बैलांसाठी. त्या दगडात शेण घातलं नाही तर ज्वारीचं बोटभर कणीसही येत नाही. पण हे त्या सोफ्यावरच्यांना कोण सांगणार?

दुसऱ्याचं जनावर पोसायच्या या रीतीला अर्धली म्हणतात. कालवड मालकाची, चारणी आमची. ती व्याली की पहिलं वासरू पोसणाऱ्याचं, दुसरं मालकाचं, असा वाटा. आमच्या भागात हे वेगळ्या शब्दांत सांगायचे: ज्याच्या खुंट्याला गाय व्याली, पहिलं वासरू त्याचं. नियम गरिबाच्या बाजूचा होता. गाय पोसणाऱ्याच्या दारातच असायची, तिथेच व्यायची, तेव्हा वासरूही त्याचंच व्हायचं. व्यायला टेकलेली गाय सोडवून नेणं कुणा मालकाच्या मनातही येत नसे. तेवढी लाज लोकांना होती.

मामाला ती नव्हती.

भाऊ बहिणीला गाय देतो ती दान म्हणून देतो. माझ्या मायला तिच्या भावानं तांबडी कालवड दिली ती अर्धलीनं! आणि वर साऱ्या नातेवाइकांत सांगत फिरला, "बहिणीच्या दारात गाय बांधून दिली." माय हे ऐकून खूश व्हायची. तिला माहेर म्हणजे देवघर. मामानं उरलेली लापशी पाठवली असती तरी ती तिनं कपाळाला लावून खाल्ली असती. मला भयंकर चीड यायची.

तांबडी आली तेव्हा बरगड्या मोजून घ्याव्यात अशी होती. मीच तिला चारली. उन्हाळ्यात आमच्याकडचं गवत करपलं की सगळा गाव ढोरं घेऊन नाल्याच्या पलीकडे जायचा. तिकडे सागाचं जंगल, एक डोह, आणि डोहाकाठी अंजनाची झाडं. दुपारभर ढोरं तिथे सावलीत रवंथ करत बसायची. आजोबा-पणजोबांपासूनची वाट होती ती. मग प्रांत नव्यानं वाटले गेले. आम्ही मध्य प्रदेशात राहिलो आणि नाल्याच्या पलीकडचं जंगल मुंबई राज्यात गेलं. का, तर तिकडचे लोक मराठी बोलतात म्हणून. मग आम्ही काय फारसी बोलत होतो? पण आम्हाला विचारतो कोण? ज्यांनी रेघ मारली त्यांना बुऱ्हाणपूरची जिलेबी माहीत असेल, आमचा डोह माहीत नव्हता. रेघ नेमकी नाल्यातून गेली, आणि पलीकडे जंगलखात्याचा नाकेदार येऊन बसला. एका राज्याचं ढोर दुसऱ्या राज्यात चरलं की गुन्हा!

त्याच्या पुढच्या पावसाळ्यातली ही गोष्ट. तांबडी पहिलटकरीण, गाभण होती, आणि आमचं सगळं घर तिच्या पोटाकडे बघत होतं. कारण आमच्याकडे बैल एकच उरला होता. दुसरा आदल्या वर्षी ओल्या उतारावरून घसरला, पाय मोडला आणि गेला. शेजाऱ्याचा एक आणि आमचा एक बैल जोडून आळीपाळीनं पेरणी करायची, तर पहिली ओल नेहमी शेजाऱ्याच्या वावराला आणि उशीर आमच्या. पोळ्याला बाबा एकटा बैल सजवून मिरवणुकीत मागे मागे चालायचे, तेव्हा मला जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं. तांबडीला गोऱ्हा झाला असता तर दोन-तीन वर्षांत आमची घरची जोडी झाली असती. खालचे मोठे बैल आमच्या उपयोगाचे नव्हते. ते आमच्या उतारावर उभेही राहत नाहीत. आम्हाला तिचाच गोऱ्हा हवा होता, तिच्यासारखा ठेंगणा, दगडात पाय रोवणारा.

आषाढात मामा आला. गळाबंद कोट, हातात छत्री. तांबडीच्या पाठीवरून हात फिरवला, कास दाबून बघितली आणि त्याच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी कधी विसरणार नाही.

"बाई, तुझ्याकडे इथे काय इंतजाम आहे सांग," तो मायला म्हणाला. "दगडात व्याली तर वासराला लांडगा नेईल. त्यात कायदा बदलला. नाल्यापलीकडे गेली की जप्त. तिला खाली पाठव माझ्याकडे. केळी आहेत, पेंड आहे, कशाची कमी आहे?"

कालवड काट्यासारखी होती तेव्हा हा लांडगा कुठे गेला होता? मी विचारलं, "मामा, मग पहिलं वासरू कुणाचं?"

"अगं, घरातल्या घरात तुझं-माझं काय करू राहिली पोरी?" तो हसून म्हणाला. मग मायकडे वळून, "पोरीला फार बोलायला शिकवलंस. इकडचे लोक असेच. कामाला आळस आणि तोंडाला नाही."

बाबा म्हणाले, "तुझा भाऊ, तू बघ." बाबांची हीच तऱ्हा! कुठल्याही भांडणाच्या आधी हात धुऊन मोकळे. आणि माय म्हणाली, "भाऊ म्हणतो तर पाठवू."

तिला खाली पोचवायला मीच गेले. वाटेत एक मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी मामाच्या गोठ्यात पोचले. गोठा कसला, चिखलाचं डबकं! काळ्या मातीचा राडा, त्यात डोंगरातली गाय गुडघ्यापर्यंत रुतून उभी. तिला जन्मात चिखलातला खूर माहीत नव्हता. समोर केळीचे चिरलेले खांब टाकले. ते नुसतं पाणी. तिनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. मामाच्या नव्या दाव्यानं तिला नव्या खुंट्याला बांधलं, आणि मामी शेजारणीला मोठ्यानं म्हणाली, "या वेळी खरवस घरचाच! आणि गोऱ्हा झाला तर ह्यांच्या मोटेला होईल." मी तिथेच उभी होते. माझ्यासमोर बोलताना तिला काही वाटलं नाही. मी कोण, तर डोंगरातली.

घरी येऊन मी मायला शब्द न् शब्द सांगितला. ती चुलीपुढे बसली होती. म्हणाली, "तुझी मामी बोलते तशी. तो तसा नाही." मी म्हटलं, "तो तसाच आहे! तू आंधळी आहेस!" तिनं माझ्या पाठीत रट्टा घातला. मग स्वतःच रडत बसली.

पोळा झाला. बाबा पुन्हा एकटा बैल घेऊन मिरवणुकीच्या मागे चालले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी मामाचा सालदार गडी दारात हजर. गाय दावं तोडून पळाली, इकडे आली का? आणि मामाचा निरोप काय, तर "गाय तुम्ही बिघडवली, तिला खुंट्याची सवयच लावली नाही." वा रे वा! स्वतःच्या चिखलात गाय टिकेना आणि दोष आमच्या शिकवणीचा.

ती आमच्या दारात आलेली नव्हती. बाबा गावात विचारायला निघाले, पण मला ठाऊक होतं ती कुठे असेल. तिला आमचं दार म्हणजे फक्त झोपायची जागा. तिचं घर डोहाकाठी. मी पळतच नाल्यावर गेले, मागून बाबा आणि सालदार. नाल्याला गुडघाभर पाणी होतं. पलीकडे अंजनाखाली तांबडी उभी होती, गळ्यात तुटलेलं दावं लोंबत होतं, आणि ती एका ओल्याचिंब वासराला चाटत होती. मी पाणी तुडवत गेले, वासराची शेपटी उचलून पाहिली आणि तिथूनच ओरडले, "बाबा, गोऱ्हा! गोऱ्हा झाला!"

बाबा हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना फार थोड्या वेळा पाहिलंय.

वासराचे पाय अजून लटपटत होते. वाहत्या पाण्यातून त्याला उचलून न्यावं म्हणून बाबा खाली वाकले, तेवढ्यात नाकेदार आला. खाकी कपडे, हातात काठी, तोंडात पान. "थांबा," म्हणाला. "हे राखीव जंगल हाय. गाय जप्त. आन वासरू तर इथंच जन्मलं, ते तर मुंबई राज्याचंच झालं!" स्वतःच्या विनोदावर तो स्वतःच खो खो हसला. तो आमच्यासारखंच बोलत होता, आमच्यासारखाच काळा-सावळा, त्याचीही ढोरं कधीकाळी याच डोहावर बसली असतील. पण टोपी चढली की माणसाच्या डोक्यातलं सगळं धुऊन जातं.

बाबांनी हात जोडले. मला त्यांच्या जोडलेल्या हातांची किळस आली. ते म्हणाले, "साहेब, गाय माझी नाही. मेव्हण्याची आहे."

"मग मेव्हण्याले बोलवा," नाकेदार म्हणाला आणि गाय हाकलत पलीकडच्या गावच्या कोंडवाड्याकडे निघाला. वासरू बाबांनीच खांद्यावर घेतलं आणि त्याच्या मागे मागे पोचवून आले. सालदार तसाच निरोप घेऊन खाली धावला.

मामा आला तो थेट कोंडवाड्यावर. तोवर मायही मला घेऊन तिथे येऊन बसली होती, कुंपणातून तांबडीला गवत भरवत. आजूबाजूला दहा-पाच माणसं जमली होती. मामानं आल्या आल्या विचारलं, "काय झालं, गोऱ्हा की कालवड?" बहिणीला कशी आहेस हे विचारलं नाही. गोऱ्हा म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. कोट सारखा करून तो नाकेदाराला म्हणाला, "मी मालक. खोला फाटक."

"मालक ना? बरं झालं आले," नाकेदार म्हणाला. "दंड भरा. आन परराज्यातलं ढोर राखीव जंगलात घातलं म्हणून केस होईल, तालुक्याले यावं लागेल. नाव सांगा."

मामाचा कोट एकदम ढिला झाला. केस म्हटल्यावर खालचे हे बडे लोक कसे पाघळतात ते त्या दिवशी पाहून घेतलं. त्याला त्या वर्षी गावच्या पंचायतीत निवडून यायचं होतं. छत्री या हातातून त्या हातात घेत तो म्हणाला, "मालक म्हणजे... तसा नाही. मी दिली होती फक्त. गाय माझी नाही. माझा काही संबंध नाही." मग मायकडे बोट करून, "ह्या बाईची आहे."

ह्या बाईची! बहिणीची म्हणायलाही त्याची जीभ वळली नाही.

मायनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. मी तिचा दंड धरला होता. तो सोडवून ती उठली, पदर सारखा केला, आणि पायातले चांदीचे तोडे काढायला वाकली. ते तिच्या लग्नात माहेरून आले होते. घट्ट बसले होते, निघेनात. तिनं थुंकी लावून ओढून काढले, घोट्याची साल निघाली. ते नाकेदारापुढे ठेवून ती म्हणाली, "गाय माझी. वासरू माझं. केसही माझीच लिहा. तालुक्याला मी येईन." आणि जमलेल्या माणसांना म्हणाली, "तुम्ही सगळ्यांनी ऐकलं ना, तो काय बोलला ते?"

सगळ्यांनी माना हलवल्या. मामा तोवर वाटेला लागलाही होता.

तालुक्याला मायला खेपा पडल्या. एक साहेब म्हणे हे काम आमचं नाही, दुसरा म्हणे त्या राज्याला विचारा. शेवटी कुणाला काहीच कळेना, तेव्हा त्यांनी ते प्रकरण मिटवून टाकलं. तोडे गेले ते गेले. तांबडी आमच्या दारात आली. माय रोज तिच्या खुरांना हळद-तेल लावायची. मामाच्या खुंट्याचं तुटलेलं दावं मी उकिरड्यावर फेकायला निघाले होते, तर तिनं माझ्या हातातून घेतलं, धुतलं, वाळवलं आणि आढ्याला टांगून ठेवलं.

भाऊबीजेला माय माहेरी निघाली तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. एवढं झालं तरी जाणार? पण तिनं एक गाठोडं बांधलं आणि मला घेऊन निघाली.

मामाला पाटावर बसवलं, टिळा लावला, ओवाळलं. त्यानं ताटात खण टाकला आणि पाय लांब करून म्हणाला, "पहिलं वासरू तुझं झालं. मी काही बोललो का? दुसऱ्या वेताला गाय इकडे येऊ दे. ते माझं." अरे, काय हा माणूस! याच्या अंगावर कातडं होतं की मोटेचं चामडं? मी तोंड उघडणार, तेवढ्यात मायनं गाठोडं सोडलं. त्यात ते दावं होतं, नीट गुंडाळलेलं. तिनं खण ताटातून उचलून पाटावर ठेवला आणि दावं मामाच्या मांडीवर ठेवलं.

"हे घे," ती म्हणाली. "गाईच्या गळ्यात अडकून आलं होतं. माझ्या घरात तुझं एवढंच होतं."

मामा दाव्याकडे बघत बसला. आम्ही जेवलो नाही, पाणीही प्यायलो नाही, निघालो.

मला तर आकाश ठेंगणं झालं होतं. चढ लागल्यावर मी म्हटलं, "माय, कसं तोंड झालं त्याचं! गाढवासारखं!" ती एका दगडावर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. मी गांगरले. म्हटलं, "अगं, जिंकलीस ना तू?" ती म्हणाली, "तुझा मामा गेला तर तुला काय गं. माझा एकच भाऊ होता."

गोऱ्हा मोठा झाला, आमची जोडी झाली, पोळ्याच्या मिरवणुकीत बाबा पुढे चालायला लागले. मायनं मात्र पुन्हा माहेरचा उंबरा ओलांडला नाही. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. आमच्या गावात माझी माय तेवढी गोठ्यात जायची. ताटात कुंकू, निरांजन, करदोडा. तांबडीच्या त्या बैलाच्या कपाळाला टिळा लावायची, ओवाळायची, आणि ओवाळणी म्हणून तो जे देऊ शकत होता ते शेण ओंजळीत घेऊन वावरात टाकायची. शेजारणी हसायच्या. मीसुद्धा एकदा हसले होते. बैल मेला त्या वर्षीच्या भाऊबीजेला तिनं ताट केलं, गोठ्यापर्यंत गेली, आणि रिकाम्या खुंट्याला ओवाळून आली.